स्टिअरिंग हलकं का झालं?

चि. सोनूस,


काल फोनवर तू विचारलंस, ‘मामा, पावसात गाडी माझ्या हातातून गेली कशी?’ घरात प्रत्येकाने याचं आपापलं उत्तर देऊन टाकलं आहे. आजीच्या मते नजर लागली, बाबांच्या मते वेग नडला आणि गॅरेजवाला म्हणतो पॉवर स्टिअरिंग गेलं, अख्खा रॅक बदलावा लागेल. खरचटण्यावर निभावलं हे आम्हा सगळ्यांचं भाग्य. पण निभावलं म्हणून प्रश्न सोडून द्यायचा नाही. कारण कळलं नाही, तर एक तर तू पावसात गाडीला हात लावणार नाहीस, नाहीतर पुन्हा तशीच चालवशील. मला दोन्ही नको आहे. म्हणून आज सकाळी गॅरेजात जाऊन गाडी नीट पाहून आलो.

सगळ्यात मोठा पुरावा तूच दिला आहेस. स्टिअरिंग एकदम हलकं झालं आणि इंजिनाचा आवाज चढला, असं तू म्हणालीस. पॉवर स्टिअरिंगची मदत बंद पडली तर स्टिअरिंग हलकं होत नाही, जड होतं. दोन्ही हातांनी ओढावं लागतं, पण गाडी वळते. जुन्या हायड्रॉलिक गाड्यांमध्ये पाण्यातून गेल्यावर पट्टा भिजून घसरला की तसं व्हायचं. तुझ्या बाबतीत नेमकं उलटं झालं. आवाजाचंही तेच. तुझ्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना जातो, त्यांची रस्त्यावरची पकड सुटली की ती मोकळी फिरतात आणि आवाज चढतो. शिवाय रेलिंगला घासल्यावर तीच गाडी तू स्वतः चालवत कडेला घेतलीस, तेव्हा स्टिअरिंग व्यवस्थित होतं. म्हणजे यंत्रणा शाबूत होती. सुटला होता तो टायर आणि रस्ता यांचा संबंध. रॅकच्या खर्चाला आत्ता होकार देऊ नकोस. धडक बसली आहे म्हणून सांधे आणि अलाइनमेंट मात्र तपासून घे.

आता तो संबंध सुटला कसा ते पाहू. तुझ्या टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. ओल्या रस्त्यावर त्याला पुढचं पाणी बाजूला सारूनच रस्ता गाठावा लागतो. हिशेब करून बघ. टायर 18 सेंटिमीटर रुंद, पाणी तीन मिलिमीटर खोल आणि वेग ताशी 80 किलोमीटर धर. एकेका टायरला दर सेकंदाला 12 लिटर पाणी हटवायचं आहे. टायरवरच्या खाचा असतात त्या याच कामासाठी. पाणी हटायला वेळ मिळाला नाही तर ते टायरपुढे साचतं, पाचरीसारखं खाली घुसतं आणि टायर उचलून धरतं. मग स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, रस्त्याला ते कळतच नाही. एबीएससुद्धा तिथे हतबल, कारण मुळात पकडच नसते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात.

याचा नीट अभ्यास अमेरिकेत ‘नासा’च्या लँग्ली केंद्रात झाला, कारण ओल्या धावपट्टीवर उतरणारी विमानं अशीच घसरत. वॉल्टर हॉर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी 1963 साली त्यावर अहवाल लिहिला. धावपट्ट्यांवर आडव्या खाचा पाडायची पद्धत अशाच संशोधनातून रुजली. हॉर्न आणि ड्रेहर यांच्या सूत्राचा गाभा असा: टायरमधल्या हवेच्या दाबाचं (पीएसआयमध्ये) वर्गमूळ काढायचं आणि त्याला 16.6 ने गुणायचं. जो आकडा येईल, साधारण त्या ताशी किलोमीटरला टायर पाण्यावर तरंगू लागतो. हे सूत्र विमानाच्या टायरवरून आलेलं, म्हणून कारसाठी तो अंदाजच. झिजलेला टायर त्याच्याही आधी तरंगू शकतो.

हे सगळं सांगतो आहे, कारण मी तुझ्या टायरना हवेचा गेज लावला. गाडी रात्रभर उभी होती, टायर थंड होते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर 33 लिहिलं आहे, पुढच्या दोन्ही टायरांत हवा 24 निघाली. सूत्रात घाल: 33 ला सुमारे 95 चा वेग येतो, 24 ला सुमारे 81 चा. तू म्हणालीस, काटा नव्वदीत होता.

मग खाली वाकून खाचा पाहिल्या. टायरच्या बाजूवर टीडब्ल्यूआय ही अक्षरं किंवा बारीक त्रिकोण असतो. तिथून सरळ आत गेलं की खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो, 1.6 मिलिमीटरचा. कायद्याने कारच्या टायरला किमान तेवढी खोली लागतेच. तुझ्या पुढच्या टायरांची मधली नक्षी अजून बरी आहे, पण दोन्ही कडा त्या उंचवट्याला टेकल्या आहेत. दोन्ही कडा एकसारख्या झिजणं ही हवा कमी ठेवून बरेच दिवस गाडी चालवल्याची खूण. अशा टायरला पंक्चरवाला ‘अजून चालेल’ म्हणतो, ते कोरड्या रस्त्यापुरतं खरं असतं.

तिसरा भाग रस्त्याचा. तुझ्या सांगण्यावरून गाडी सुटली ते वळण उजवीकडचं, आणि तू दुभाजकालगतच्या लेनमध्ये होतीस. वळणावर रस्ता आतल्या बाजूला कलता बांधतात. आपण डावीकडून चालतो, म्हणजे उजव्या वळणावर सगळं पाणी दुभाजकाकडेच येणार. तिथली पाणी जायची भोकं मातीने बुजली असतील, तर नेमक्या वेगाच्या लेनमध्ये तळं साचतं. तुझी उजवी चाकं त्यात आधी गेली, पाण्याने ती अडवली, म्हणून गाडी उजवीकडे ओढली गेली. तू घाबरून स्टिअरिंग डावीकडे पिळलंस. तेव्हा काहीच झालं नाही. पण तळं संपलं, वळलेल्या टायरांना एकदम पकड मिळाली आणि गाडी डावीकडच्या रेलिंगवर झेपावली. नव्वदच्या वेगाने सेकंदाला 25 मीटर जातात. तुला न संपणारा वाटलेला तो सगळा प्रकार एक-दोन सेकंदांत उरकला असेल.

म्हणजे हवा, टायर, साचलेलं पाणी आणि वेग, चौघेही एका जागी जमले. यातला एक जरी नसता तरी बहुधा तू सुखरूप पुढे गेली असतीस. म्हणून स्वतःला फार दोष लावून घेऊ नकोस, आणि सगळा भार पावसावरही टाकू नकोस. त्या जागेचा किलोमीटरचा दगड आठवत असेल तर महामार्गाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार कर. तुझ्यामागून रोज कितीतरी गाड्या त्याच लेनमधून जातात.

आता पुढचं. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. शंभरावरून सत्तरावर आलीस की तो जवळजवळ निम्मा होतो. मुसळधार पावसात याहून स्वस्त विमा नाही. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी हटवलेल्या पट्ट्यातून, पुरेसं अंतर ठेवून चाल. पावसात क्रूझ कंट्रोल बंद ठेव, कारण चाकांची पकड सुटल्यावरही ते वेग धरून ठेवायला बघतं. आणि स्टिअरिंग पुन्हा हलकं लागलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढ, ब्रेकवर जोर देऊ नकोस, स्टिअरिंग जायचंय त्या दिशेला शांतपणे धरून ठेव. पकड परत येते, ती येईल तेव्हा चाकं सरळ हवीत.

टायर चारही बदललेले उत्तम. दोनच घ्यायचे झाले तर नवे मागे बसव. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की आटोक्यात येते. मागचे सुटले तर ती गरगर फिरते, आणि ते सावरणं मुरलेल्या ड्रायव्हरलाही जड जातं. दुकानदार पुढे बसवायला सांगेल, ऐकू नकोस.

पावसात गाडी चालवणं सोडू नकोस, सोनू. भीती वाटली ते योग्यच होतं, पण आता तिचं कारण तुझ्या हातात आहे, आणि त्यातलं बरंचसं पाच मिनिटांत तपासता येतं. रविवारी टायर घ्यायला आपण दोघं जाऊ. पहिल्या चांगल्या पावसात तू चालव, मी शेजारी बसतो. हवेचा एक गेज घेऊन ठेवला आहे, तो डिकीत टाक आणि दर पंधरवड्याला सकाळी, गाडी काढायच्या आधी, स्वतःच्या हाताने लाव.

तुझा,
मामा