आजचं चिंतन : सव्यसाची आणि माझा डावा हात



आज गीतेच्या अकराव्या अध्यायातला ३३ वा श्लोक वाचला. विश्वरूप दाखवून झाल्यावर भगवंत अर्जुनाला फक्त निमित्त व्हायला सांगतात, आणि हे सांगताना त्याला 'सव्यसाची' म्हणतात. सव्य म्हणजे डावा. उजव्याइतकाच डाव्या हातानेही बाण चालवणारा, तो सव्यसाची. पार्थ, कौंतेय, धनंजय अशी इतकी नावं असताना इथे हेच का? मी तिथेच अडकलो, कारण सध्या माझं माझ्या डाव्या हाताशी भांडण चालू आहे.

सहा महिन्यांपूर्वी जिम लावली. मागच्या रविवारी टेप घेऊन दंड मोजले. उजवा ३४ सेंटिमीटर, डावा साडेबत्तीस. झालं! दिवसभर मोबाईलवर तेच शोधत बसलो. खरं तर यात नवल काही नाही. ज्या हाताला काम जास्त, त्याचे स्नायू जास्त. वर्षानुवर्षं टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हातातलं हाडसुद्धा जाड होतं. दोन्ही बाजू अगदी सारख्या असलेलं शरीर देवाने बनवलेलंच नाही. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत उजवीकडे, डावं फुप्फुस उजव्यापेक्षा लहान. (एखादा हात किंवा पाय अचानक बारीक व्हायला लागला, त्यातली ताकद गेली, तर मात्र चिंतन नको, आधी डॉक्टर गाठा.)

ट्रेनरने उपाय सोपा सांगितला. "भाऊ, डंबेल एका-एका हाताने मारा. सुरुवात डाव्याने. डाव्याचे आठ झाले, की उजव्यानेही आठच. बारा जमत असले तरी आठच."

मला ते पटेना. उजव्याने का थांबायचं? त्याचा काय गुन्हा?

याचं उत्तर जिममध्ये नाही, घरी मिळालं. पुण्याच्या कंपनीचं काम मी इथे पिपरी मेघेला घरूनच करतो. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला, डावी बाजू गेली. ताई दोन गल्ल्या सोडून राहते. सकाळ-संध्याकाळ येते, बाबांना उठवते, आंघोळ घालते, हाताचे व्यायाम करून घेते. मी औषधं, बिलं, फिजिओथेरपीचा खर्च बघतो. मनाला समजावलं होतं की हा माझा स्वधर्म, तो तिचा. "तिला छान जमतं," हे तर मी कौतुकाने सगळ्यांना सांगायचो.

सोमवारी ताई आली ती उजव्या मनगटाला क्रेप बँडेज बांधून. उचलून उचलून मनगट भरून आलं होतं. म्हणाली, "पंधरा दिवस झाले दुखतं. तू विचारलं नाहीस." तक्रारीचा सूरही नव्हता, म्हणून जास्तच लागलं.

स्वतःचा दीड सेंटिमीटरचा फरक मला टेपवर दिसला. घरातला फरक दोन वर्षांत दिसला नाही.

आमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना माहीत आहे. सगळा लोड एकाच सर्व्हरवर टाकायचा, कारण तो चांगला चालतो. स्टँडबायला कधी हातच लावायचा नाही. मग एक दिवस पहिला बसतो, आणि कळतं की दुसऱ्याला काहीच येत नाही. "तिला जमतं" हे कौतुक नव्हतं, माझी सुटका होती. तिला जमतं, कारण ती रोज करते. मला जमत नाही, कारण ती करते. आणि या सुटकेला मी गीतेतला शब्द चिकटवला होता.

सेवाग्राम आमच्यापासून जवळच. गांधीजी तिथे १९३६ साली आले. त्याच्या कितीतरी आधी, नोव्हेंबर १९०९ मध्ये, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परतताना त्यांनी बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलं. उजवा हात थकला की डाव्या हाताने लिहायचे. अक्षर वेगळं आलं, पण काम थांबलं नाही.

अर्जुनाचंही तसंच. अज्ञातवासात बृहन्नडा होताना त्याला काळजी होती ती दोन्ही हातांवरचे धनुष्याच्या दोरीचे घट्टे लपवायची, म्हणून त्याने बांगड्या भरल्या. घट्टे दोन्ही हातांवर होते! सव्यसाची हे नाव त्याला सरावातून मिळालं होतं. मला वाटतं, निमित्त व्हायला सांगताना भगवंत हेच नाव घेतात त्यात अर्थ आहे. निमित्त व्हायचं तर "हे माझ्या हातचं नाही" म्हणायची सोय उरत नाही.

मग समत्व म्हणजे काय? दोन्ही दंड ३४ व्हावेत, असं मला आता वाटत नाही. कामं वाटलेली असणारच. फक्त विचारायचं की हा फरक देवाने ठेवलेला, की माझ्या आळसाने वाढवलेला? उजव्याने एक दिवस सुट्टी घेतली, तर डावा निभावेल का? उजव्याने आठवर थांबायचं ते याचसाठी. ती त्याला शिक्षा नाही, विसावा आहे.

मंगळवारपासून बाबांची सकाळ माझ्याकडे. ताईला वीस मिनिटं लागतात, मला पहिल्या दिवशी पन्नास लागली. साबण डोळ्यात गेला. बाबा म्हणाले, "हळू ना बापू, मी का पळून चाललो?" मग त्यांचा डावा हात हातात घेऊन बोटं एकेक करून उघडली. दोन वर्षांत पहिल्यांदा. तो किती हलका झालाय, हे मला माहीतच नव्हतं.

आजचा संकल्प : घरातलं असं एक काम शोधा, जे "त्यांनाच जमतं" म्हणून तुम्ही कधी केलेलं नाही. उद्या ते करा. वाईट झालं तरी चालेल.

राम कृष्ण हरी!