पहाऱ्यातील तीर्थ

वाशीम नगरीत श्रीबालाजींच्या दर्शनास येणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या कानी एक कथा हमखास पडते. मूर्तिभंजनाच्या धामधुमीत श्रींची मूर्ती भूमीत पुरून ठेवण्यात आली. ठेवणारे हात काळाच्या उदरात गेले आणि जागेचा मागमूसही उरला नाही. पुढे अठराव्या शतकात एका घोडेस्वाराच्या काठीने सहज माती उकरली गेली, तेव्हा मूर्तीचे बोट प्रथम दृष्टीस पडले, असे परंपरा सांगते. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील साबाजींचे दिवाण भवानी काळू यांनी त्यानंतर मंदिर उभारले. कथा ऐकून भाविक हात जोडतो आणि प्रदक्षिणेस वळतो. परंतु एखादा चौकस यात्रेकरू, बहुधा एखादे लहान मूलच, मध्येच विचारते, "ज्याने सर्वांचे रक्षण करावयाचे, त्या देवाला लपवावे का लागले?"

हा प्रश्न बालिश नाही. ज्या तीर्थाच्या वाटेवर आज बंदुकधारी पहारा आहे, तेथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो कधी ना कधी उभा राहतोच. या जिल्ह्यातील भाविकांना त्याचे उत्तर शोधण्यास दूर जावे लागत नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन स्थान आहे. जैनांच्या श्वेतांबर व दिगंबर या दोन्ही पंथांना ते सारखेच पूज्य आहे. पूजेचा विधी व व्यवस्था यांवरून पडलेला वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, तेथे १९२९ मध्ये निवाडा झाला, आणि तरीही तो शमला नाही. १९८१ मध्ये मूर्तीच्या दालनाला कुलूप लागले. त्यानंतर बेचाळीस वर्षे भाविकांनी दाराच्या झरोक्याला डोळा लावून दर्शन घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते दार उघडले, तेव्हा पहिल्या दर्शनाला आलेल्यांत असे कितीतरी गृहस्थ असतील की ज्यांनी बालपणी आजोबांच्या कडेवरून तो झरोका पाहिला होता. दार उघडल्यावरही पोलीस बंदोबस्त आवश्यक ठरला. कोणाची बाजू घेणे हे या पुस्तिकेचे काम नव्हे. मात्र एवढे ध्यानात घ्यावे की त्या झरोक्याने देव लहान झाला नाही. कुलूप देवाला नव्हते, पहाराही देवावर नव्हता. तो होता माणसांमाणसांच्या मध्ये.

हा झाला घरचा दाखला. पहाऱ्यातील तीर्थाचा सर्वांत मोठा अनुभव मात्र आपल्या भाविकांना येतो तो काश्मिरात, श्रीअमरनाथाच्या वाटेवर.

विदर्भ-मराठवाड्यातून अमरनाथास जाण्याची हौस फार जुनी नाही, परंतु ती आता चांगली रुजली आहे. गुहा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८८८ मीटर उंचीवर आहे. पहलगामच्या जुन्या मार्गाने चंदनवाडी, पिस्सू टॉप, शेषनाग, महागुणस खिंड व पंचतरणी असे टप्पे घेत जावे लागते, तर बालटालचा मार्ग चौदा किलोमीटरचा, पण अंगावर येणाऱ्या चढाचा आहे. काळ्या मातीच्या सपाट शिवारात जन्म गेलेल्या माणसाला दोन्ही वाटा सारख्याच कठीण वाटतात. त्यात पहारा. जम्मूच्या भगवतीनगर येथील यात्री निवासातून पहाटेच्या अंधारात गाड्यांचा ताफा निघतो, त्याच्या मागेपुढे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या गाड्या असतात. ताफ्याच्या वेळेबाहेर वाहन पुढे सोडत नाहीत. गळ्यात ओळखपत्र अडकवावे लागते, आणि त्यातील यंत्राद्वारे कोणता यात्रेकरू कोठवर पोहोचला हे कळते. ते नसेल तर चंदनवाडी किंवा दोमेलच्या प्रवेशद्वारावरूनच परत फिरावे लागते. महाराष्ट्रातील प्रीपेड सिमकार्ड तेथे चालत नाही. सामान उघडून दाखवावे लागते, एकदा नव्हे, अनेकदा. २०२५ च्या यात्रेसाठी केंद्रीय दलांच्या ५८१ कंपन्या देण्यात आल्या होत्या.

त्या वर्षीची गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. यात्रेची नोंदणी एप्रिलच्या मध्यास सुरू झाली, आणि २२ एप्रिल रोजी पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी २६ जणांचे प्राण घेतले. त्यांत सहा जण महाराष्ट्रातील होते. ज्या घरांत नोंदणीचा कागद देव्हाऱ्यात ठेवला होता, त्या घरांत त्या रात्री काय बोलणे झाले असेल, हे सांगावयास नको. मुलगा म्हणाला असेल, "आई, देव इथेही आहे, या वर्षी राहू दे." आई म्हणाली असेल, "भिऊन घरी बसलो तर त्यांचेच साधले." दोघांच्याही बोलण्यात सत्य होते. पुढे ३ जुलै रोजी यात्रा सुरू झाली आणि सुमारे चार लाख भाविकांनी दर्शन घेतले. जे गेले नाहीत त्यांच्या श्रद्धेत काही उणे होते असे समजण्याचे कारण नाही.

परंतु या वादात तिसरेही एक वाक्य नेहमी ऐकू येते, आणि ते ऐकावयास फार धार्मिक वाटते. "मरण यायचेच असेल तर देवाच्या दारी येऊ दे." भाविकहो, हे वाक्य उच्चारण्यापूर्वी थोडे थांबावे. त्या दारी जाणाऱ्याच्या पुढे एक तरुण उभा असतो. तो बीडचा असेल, बस्तरचा असेल किंवा बिहारचा. त्याने मोक्षाचा संकल्प सोडलेला नाही. त्याला महिनाअखेर घरी पैसे पाठवावयाचे आहेत आणि जमल्यास दिवाळीला रजा हवी आहे. यात्रेकरूच्या अंगावर येणारी गोळी प्रथम त्याच्या अंगावर यावी अशीच सारी योजना आहे. दुसऱ्याच्या प्राणांची ढाल पुढे असताना स्वतःच्या मरणाविषयी इतके उदार होणे हे वैराग्याचे लक्षण नव्हे. जावयाचे तर जिवंत परत येण्याच्या निश्चयाने जावे, आणि आपल्यापायी कोणाचा जीव संकटात पडणार नाही असे वागावे.

येथे शास्त्राचा आधार घ्यावासा वाटतो. महाभारताच्या वनपर्वात तीर्थांचे माहात्म्य सांगताना प्रथम तीर्थाचे फळ कोणाला मिळते ते सांगितले आहे. ज्याचे हात, पाय व मन संयमात आहेत, जो अहंकाररहित आहे, ज्याने क्रोध आवरला आहे, त्याला. सामान्य यात्रेत हे गुण हा उपदेश असतो, पहाऱ्यातील यात्रेत तो नियम होतो. रांगेतून बाहेर पाऊल टाकावयाचे नाही, हा पायांचा संयम. झडतीच्या वेळी हात बाजूला धरावयाचे, हा हातांचा. आणि "आम्ही काय चोर आहोत?" हे जिभेवर आलेले शब्द गिळावयाचे, हा मनाचा. एखादे प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांना गावात कोणी अडवीत नाही, त्यांच्या थैलीतला लाडूचा डबा जेव्हा विशीतला शिपाई उघडावयास लावतो, तेव्हा त्यांची यात्रा खऱ्या अर्थाने सुरू होते. काहींची तेथेच संपते, हेही खरे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढा पहारा कशाचा? गुहेत सोन्याची मूर्ती नाही, रत्नांचा मुकुट नाही. वरून ठिबकणाऱ्या पाण्याचे गोठून झालेले एक हिमलिंग आहे. ते उन्हाळ्यात वितळते. २०२४ मध्ये यात्रा २९ जून रोजी सुरू झाली, आणि पहिला आठवडा सरतो न सरतो तोच हिमलिंग विरघळून गेले होते. यात्रा त्यानंतरही १९ ऑगस्टपर्यंत चालली. त्या वर्षी दर्शन घेतलेल्या पाच लाखांहून अधिक भाविकांपैकी बहुतेकांनी, इतके चढ चढून, इतक्या चौक्या ओलांडून, ओला खडक पाहिला व त्यापुढे मस्तक ठेवले. कित्येकांना हळहळ वाटली, आणि ती स्वाभाविक होती. परंतु पहारा एका शिपायानेही कमी झाला नाही, कारण तो हिमलिंगावर नव्हताच. जे कोणी चोरून नेऊ शकत नाही, जे आपण होऊन पाणी होते आणि पुढील हिवाळ्यात आपण होऊन पुन्हा आकार घेते, त्याला राखणदार कशाला हवा? राखण आहे ती तेथवर चालत येणाऱ्या मर्त्य माणसांची. बालाजींची मूर्ती पुरणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक असावे. देव नष्ट होईल असे भय त्यांना वाटले नसेल. पुढे कधीतरी येणाऱ्या कोणा अनोळखी भाविकाला पाहावयास काही उरावे, एवढ्यासाठी त्यांनी मातीचा पहारा नेमला.

पहाऱ्याकडे पाहताना यात्रेकरूचे लक्ष बंदुकीकडे इतके जाते की पर्वताकडे जात नाही. हा मोठा प्रमाद आहे. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अवकाळी हिमवादळात २४० हून अधिक यात्रेकरू थंडीने दगावले. त्या दुर्घटनेनंतर नेमलेल्या डॉ. नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंची संख्या, वय व शारीरिक क्षमता यांवर मर्यादा सुचविल्या. ८ जुलै २०२२ रोजी गुहेजवळच आलेल्या लोंढ्याने तंबू वाहून नेले. २०२५ ची यात्राही नियोजित समाप्तीपूर्वी थांबली ती दहशतीने नव्हे, पावसाने वाटा खचल्यामुळे. म्हणून तेरा वर्षांखालील व सत्तरीवरील व्यक्तींना मनाई, सक्तीचा वैद्यकीय दाखला, या अटींना सरकारी काच समजू नये. खोटा दाखला काढून जाणाऱ्यांची कथा अभिमानाने सांगितली जाते. ती सांगणाऱ्याने शेषनागच्या रात्री श्वास कोंडलेल्या वृद्धाला खांद्यावरून खाली आणणाऱ्यांचीही कथा सांगावी.

हे खांदे कोणाचे असतात, हा विषय सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. घोडेवाले, पालखीवाले, पाठीवर ओझे वाहणारे पिट्टू हे बहुसंख्य तेथील मुसलमान आहेत. गुहेचा आधुनिक काळातील शोध बुटा मलिक नावाच्या मेंढपाळास लागला अशी आख्यायिका आहे, आणि २००० सालच्या कायद्याने श्राईन बोर्ड स्थापन होईपर्यंत त्या मलिक घराण्यास गुहेतील उत्पन्नाचा वाटा मिळत असे. ऑगस्ट २००० मध्ये पहलगामच्या तळावर हल्ला झाला, त्यात यात्रेकरूंबरोबर स्थानिक दुकानदारही मारले गेले. १० जुलै २०१७ रोजी अनंतनाग जिल्ह्यात यात्रेकरूंच्या बसवर गोळीबार झाला. ती बस ताफ्याबरोबर नव्हती व उशिराने रस्त्यावर होती. गोळ्या लागत असताना बस न थांबवता पुढे नेणारा चालक सलीम शेख हा गुजरातचा. बैसरनच्या कुरणात पर्यटकांना वाचविण्यासाठी पुढे झालेला घोडेवाला सय्यद आदिल हुसेन शाह हा त्या २६ मृतांपैकीच एक. मारणाऱ्यांनी धर्म विचारून मारले, हे सत्य सौम्य करून सांगण्याची गरज नाही. त्याचबरोबर ज्याच्या पाठीवर बसून आपली आई गुहेपर्यंत पोहोचली, त्याच्याशी घासाघीस करताना किंवा त्याच्याकडे संशयाने पाहताना हे दुसरे सत्यही विसरता येत नाही. मनात द्वेष घेऊन महागुणस चढणाऱ्याला ते ओझे वाहण्यास कोणी पिट्टू मिळत नाही.

ज्यांना वय, प्रकृती वा घरची जबाबदारी यांमुळे जाणे शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. सत्य, क्षमा, इंद्रियनिग्रह यांना पुराणांनी मानसतीर्थे म्हटले आहे. शिवाय त्या वाटेवर पंजाब, हरियाणा, दिल्ली येथील मंडळी विनामूल्य लंगर चालवितात, आणि त्या बर्फाळ वाऱ्यात हातात पडलेला गरम चहा कोणाच्या देणगीतून आला हे पिणाऱ्यास कधीच कळत नाही. अन्नदानास हात लावणाऱ्याने गुहा पाहिली नसली तरी गुहेपर्यंत कोणाला तरी पोहोचविलेले असते.

यात्रा करून आलेल्यांच्या घरी मावंदे होते. अलीकडे बुंदी व फोटो यांवरच भर असतो, परंतु जुन्या पद्धतीने करावयाचे झाल्यास गुरुजी संकल्प सांगतात, नाव व गोत्र उच्चारले जाते आणि तीर्थयात्रा निर्विघ्न पार पडल्याबद्दल कृतज्ञता व्यक्त होते. या वेळी यात्रेकरूने गुरुजींना एक विनंती करावी. चौकीवर झडती घेणारा तो शिपाई, पंचतरणीला पाणी देणारा, घोड्याचा लगाम धरून दिवसभर पुढे चालणारा, यांची नावे त्याने बहुधा विचारलेली नसतात. ज्याचे गोत्र ठाऊक नाही त्याला कश्यप गोत्र लावण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. काश्मीरची भूमी पूर्वी सतीसर नावाचे सरोवर होती, कश्यप ऋषींच्या प्रार्थनेवरून ते पाणी वाहते झाले व तेथे वस्ती झाली, अशी कथा नीलमत पुराणात आहे. तेव्हा त्या सर्वांच्या क्षेमासाठी कश्यप गोत्राचा उच्चार करून अक्षता वाहाव्या. मग पंगत बसवावी.