सहा तारा, चार ट्रॅक

मोठी गाणी सर्वांची असतात. ती कुणा एकाला जपावी लागत नाहीत. लहान गाणी ज्याने त्याने जपलेली असतात, आणि जे जपले त्याच्याशी माणूस बांधला जातो.

तारुण्यात ऐकलेल्या लहान बँडांची ओढ या जपणुकीतून येते. हे बँड चित्रपटासाठी वाजवत नव्हते. त्यांच्यामागे मोठा पैसा नव्हता. दोन गिटारी, एक बेस, ड्रम आणि बेताचा गळा, एवढ्यावर त्यांचे काम चाले. गाणे तीन-चार मिनिटांचे. शब्द बहुधा उदास, तारा मात्र उजळ. दुःख किणकिणत्या सुरांत सांगण्याची ही रीत तरुणांना न समजावता कळते. त्या वयात दोन्ही एकाच वेळी खरे असते.

त्या किणकिणीमागे एक साधी गोष्ट आहे. गिटारीची तार न दाबता मोकळी सोडली की ती अधिक वेळ आणि अधिक स्वच्छ वाजते. म्हणून या संगीतात मोकळ्या तारांचे कॉर्ड फार. जी, सी, डी. नवशिक्याला आधी हेच येतात. पुढे एफ येतो. त्यात पहिले बोट आडवे ठेवून सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. स्वस्त गिटारीच्या तारा फळीपासून उंच असत. पेरावर निळसर रेघ उमटे, आणि सूर तरीही बसकाच निघे. कितीतरी जणांचे शिक्षण एफपाशी संपले.

मात्र जे त्या आधी येत होते, तेवढ्यावरही गाणे उभे राहत होते. बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारीवर हा किणकिणता नाद बायर्ड्स या अमेरिकी बँडच्या रॉजर मॅग्विन यांनी १९६५ साली जगाला ऐकवला. पंधरा वर्षांनी जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स या कॉलेजच्या गावात आर.ई.एम. हा बँड उभा राहिला. त्याचे गिटारवादक पीटर बक रेकॉर्डच्या दुकानात काम करत. इंग्लंडच्या स्मिथ्समधल्या जॉनी मार यांचा हात विलक्षण होता, हे मान्यच. तरी या संगीताचा पाया कमकुवत हाताला जमेल अशाच गोष्टींवर घातलेला आहे. इतर कुठल्या संगीताने नवशिक्याचा इतका मान ठेवल्याचे दिसत नाही.

लता मंगेशकरांचे गाणे ऐकले की हात जोडले जातात. भीमसेन जोशींची तान ऐकली तरी तेच. या बँडांचे ऐकून हात गिटारीकडे जात. हात जोडायला लावणारी कला माणसाला नम्र करते. हात कामाला लावणारी कला त्याला धीर देते. विशीत नम्रतेपेक्षा धीराची गरज मोठी असते, आणि धीर कुणाकडून मिळाला हे माणूस सहसा विसरत नाही.

आपल्याकडे गायक रेमो फर्नांडिस यांनी १९८४ साली 'गोवन क्रेझी' हा संग्रह गोव्यात, शिवोलीच्या घरी ध्वनिमुद्रित केला. यंत्र चार ट्रॅकचे, कॅसेटवर चालणारे. वाद्ये त्यांनीच वाजवली, गायले तेच. मग पिवळ्या स्कूटरवरून दुकानोदुकानी जाऊन कॅसेट विकल्या. भारतात स्वतंत्र संगीत म्हणजे काय, याची व्याख्या करायची झाल्यास ती स्कूटर पुरेशी आहे.

चार ट्रॅकच्या यंत्राचा एक नियम असतो. ट्रॅक चार आणि वाद्ये त्याहून जास्त. तेव्हा तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे. तीन पुन्हा मोकळे होतात, त्यांवर नवे काही वाजवायचे. अशा प्रत्येक उतरवणीत टेपची खरखर वाढते. आणि एकदा एकत्र उतरलेले सूर पुन्हा सुटे होत नाहीत. गिटार जरा जास्त झाली, गळा जरा मागे पडला, तरी तसेच राहते. पुढचे सगळे त्यावरच रचायचे.

आठवण याच रीतीने चालते. एक गाणे, डिसेंबरातली पहाट, मित्राच्या घरची गच्ची, न दिलेले पत्र, हे सारे कधीतरी एकाच ट्रॅकवर उतरते. पुढे त्यावर नोकरी येते, घर येते, आजारपणे येतात. तीस वर्षांनी ते गाणे लागते आणि डोळे भरून येतात. त्यात गाणे किती आणि पहाट किती, हे कुणालाही वेगळे करून दाखवता येत नाही. ती गाणी खरोखर चांगली होती का, या प्रश्नाचे उत्तर ज्याने ती तेव्हा ऐकली त्याच्याकडे नसते. तो त्या मुद्रणात स्वतः अडकलेला असतो.

म्हणून या बाबतीत परक्याची साक्ष मोलाची. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ड्युनेडिन नावाचे शहर आहे. लोकसंख्या लाखाच्या आसपास. तिथल्या 'द क्लीन' या बँडच्या १९८१ सालच्या काही गाण्यांचे ध्वनिमुद्रणही चार ट्रॅकवर झाले. ख्राइस्टचर्चच्या 'फ्लाइंग नन' या त्याच वर्षी निघालेल्या कंपनीने ती बाजारात आणली. ज्यांनी ड्युनेडिन कधी पाहिले नाही, ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता, अशी मुले आज ती गाणी ऐकतात. त्यांच्या ऐकण्यात पहाटही नसते आणि गच्चीही. तरी काहीतरी लागते. तेवढे गाण्याचे.

ड्युनेडिनच्याच 'द चिल्स' या बँडचा ड्रमवादक मार्टिन बुल १९८३ साली ल्युकेमियाने गेला. त्याचे चामड्याचे जाकीट गायक मार्टिन फिलिप्स यांच्याकडे आले. त्या जाकिटावर त्यांनी गाणे केले. ते विलापाचे नाही. चाल धावती, गिटारी मोकळ्या, आणि मेलेल्या मित्राचे जाकीट अंगावर घालून हिंडणारा तरुण. फिलिप्स स्वतः २०२४ साली वारले. शोक उजळ सुरांत मांडता येतो, हे सांगायला या संगीताकडे याहून चांगले उदाहरण नाही.

शिवोली, ड्युनेडिन, अथेन्स. हे संगीत राजधानीत कमी आणि राजधानीपासून दूर जास्त घडले. दूर राहणाऱ्याला आपल्याकडे काय नाही हे नेमके ठाऊक असते. नसलेल्याची जागा तो स्वतः भरतो.

नाशिक ढोलाचे शहर. नाशिक ढोल म्हटले की महाराष्ट्रभर लोकांचे पाय हलतात. अशा शहरात गिटार हे हळू वाद्य होते. ती दिसे शरणपूरच्या चर्चच्या बाजूला, देवळाली कॅम्पात, ओझरच्या एचएएलच्या वसाहतीत, आणि मग हळूहळू कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत. इथल्या थंडीत धातूच्या तारा आकसतात आणि सूर आपोआप चढतो. सकाळी लावलेली गिटार दुपारी बेसूर होते. त्यामुळे वाजवण्यापेक्षा लावण्यात अधिक वेळ जाई. पुष्कळांच्या तारुण्याचा हिशोब असाच निघेल, आणि त्यात वाईट काही नाही. सूर लावत बसलेल्या मुलाचा चेहरा ज्याने जवळून पाहिला आहे, तो त्या वेळेला वाया गेलेला म्हणणार नाही.

मुंबई इथून पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. तरी तिथल्या रंगभवनातली मैफल नाशिकला ऐकू येत नसे. ऐकू येई तिची वार्ता. १९९३ साली अमित सैगल यांनी अलाहाबादहून 'रॉक स्ट्रीट जर्नल' हे मासिक सुरू केले. देशातल्या बँडांची खबर देणारे नियतकालिक दिल्ली-मुंबईतून न निघता प्रयागाच्या संगमावरून निघाले, याचे आज पुरेसे कौतुक होत नाही. त्यातून बँडांची नावे कळत. गाणी नंतर कळत, कित्येकदा कळतही नसत. वर्णन वाचून मनात जे संगीत वाजे, ते पुढे हाती आलेल्या कॅसेटहून वेगळे निघे. काहींच्या आठवणीत आजही ते न ऐकलेलेच संगीत अधिक ठळक आहे. ओढ लागायला वस्तू मिळावीच लागते असे नाही.

मग उपग्रह वाहिन्या आल्या. लकी अली यांचा 'सुनो' १९९६ सालचा, सिल्क रूटचा 'बूँदें' १९९८ सालचा. गिटार घरोघरी ऐकू येऊ लागली. जे चार जणांचे होते ते सर्वांचे झाले. पहिल्या चौघांना आनंद व्हायला हवा होता. त्यांना वाईट वाटले. आपल्या आवडीला गर्दी मिळाली की माणसाला ती आवड हिरावल्यासारखी वाटते. हा दोष संगीताचा नव्हे. आवडीत मालकी किती मिसळली होती, हे गर्दी आल्यावर दिसते.

मुंबईचा 'रॉक मशीन' १९८४ साली सुरू झाला. १९९३ साली त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. १९९७ साली तो थांबला, २०१० साली पुन्हा उभा राहिला आणि २०१२ साली त्याने नवा संग्रह काढला. परतलेल्या बँडपुढे लोक जमतात तेव्हा नवे गाणे शांतपणे ऐकून घेतात आणि जुन्यासाठी ओरडतात. वादकांचे केस पांढरे झालेले चालतात. गाणी मात्र वाढलेली चालत नाहीत. ज्यांच्यावर प्रेम केले त्यांना पुढे जाण्याची मोकळीक देणे श्रोत्याला फार जड जाते. आईबापांनाही ते जड जाते, पण निदान त्यांना त्याची जाणीव असते.

२००८ पासून गंगापूर धरणाच्या परिसरात, सुलाच्या द्राक्षमळ्यात, सुलाफेस्ट भरू लागला. गिटारी अखेर नाशिकला आल्या. ज्यांनी त्यांची वाट पाहिली होती ते तोवर मुलांच्या शाळांच्या वेळा पाळत होते. जे आले ते वेगळे तरुण होते, आणि त्यांचे काही अडले नव्हते. प्रत्येक पिढीची वाट वेगळ्या पिढीसाठी फळते. द्राक्षे लावणाऱ्याला हे नव्याने सांगावे लागत नाही.

एका बँडविषयी मात्र वेगळे बोलावे लागते. 'इंडियन ओशन' १९९० साली दिल्लीत सुरू झाला. सुस्मित सेन यांच्या गिटारीत कॉर्ड कमी आणि वळणे फार. असीम चक्रवर्ती बसून तबला वाजवत आणि गात. २००९ सालच्या नाताळच्या दिवशी ते गेले. २०१३ साली सेन बाहेर पडले. बँड चालू राहिला. त्याचा 'कंदिसा' हा संग्रह २००० सालचा. शीर्षकगीत केरळच्या सुरियानी ख्रिस्ती परंपरेतले स्तोत्र. आणि त्यातच 'माँ रेवा' आहे.

हे गीत बँडने रचलेले नाही. ते नर्मदा खोऱ्यातले लोकगीत. बँडचे बेसवादक राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात काम करत होते. गीत त्यांच्यासोबत तिथून दिल्लीला आले आणि तिथून कॅसेटवर चढून देशभर गेले. नाशिकच्या कॉलेज रोडच्या खोल्यांत, उलटून सुलटून, टेप ओढली जाईपर्यंत ते वाजले. ऐकणारे बहुतेक जण नदीच्या नावापलीकडे गेले नाहीत. चाल इतकी आनंदी आहे की पलीकडे काही असेल असे वाटतही नाही. उजळ तारांचा हा एक धोका आहे. त्या दुःख सोसायला मदत करतात, आणि कधी कधी दुसऱ्याचे दुःख झाकूनही टाकतात.

आज ते गाणे लागले की नाशिकमधला पन्नाशीचा माणूस आपले तारुण्य गेले म्हणून हळवा होतो. त्याचे खोटे नाही. तारुण्य गेलेच आहे. पण ते सर्वांचे जाते, आणि कुणी ते घेऊन जात नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली तेहतीस गावे बाधित झाली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, नंदुरबार जिल्ह्यातली, म्हणजे नाशिक महसूल विभागातलीच. २०१९ साली धरण प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या गावांपैकी मणिबेलीत पाणी शिरले ते त्याच्या कितीतरी आधी. 'कंदिसा'ची कॅसेट नाशिकला आली तेव्हा मणिबेलीची घरे बुडून काही वर्षे झाली होती.