ईश्वरप्रेरणा आणि पौलाची विस्मृति

ख्रिस्ती शास्त्र ईश्वरप्रेरित आहे, असें त्या धर्माचे अनुयायी मानतात. परंतु ईश्वरानें सांगावें व मनुष्यानें केवळ लिहून घ्यावें, असा प्रेरणेचा अर्थ केला तर खुद्द ग्रंथच आड येतो. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत पौल म्हणतो कीं, आपण क्रिस्प व गायस यांवांचून कोणाचाहि बाप्तिस्मा केला नाहीं. लगेच त्याला स्तेफनाच्या घरच्या मंडळीची आठवण होते. आणि शेवटीं, आणखी कोणाचा केला असल्यास स्मरत नाहीं, असें तो सांगून टाकतो. ही विस्मृति कोणाची? सर्वज्ञ ईश्वराची तर नव्हे! त्याच पत्राच्या सातव्या अध्यायांत विवाहाविषयीं लिहितांना प्रभूची आज्ञा कोणती व आपलें मत कोणतें, हें तो निरनिराळें दाखवितो. लूक तर सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केल्याचें प्रस्तावनेंतच सांगतो. नुसत्या लेखनिकाला हे श्रम कशाला पडावे?

मीमांसकांनीं वेद अपौरुषेय मानून कर्त्याचा प्रश्नच मिटविला. ती सोय येथें नाहीं, आणि आमच्या मतें नसलेलीच बरी. विसरणारा, आठवणारा मनुष्य पुसून टाकल्यास पत्राचें पत्रपणच जातें. प्रेरणा शब्दांत नसून लिहिणाऱ्याच्या अंतःकरणांत होती, असें म्हणणेंच आम्हांस सयुक्तिक वाटतें. मात्र असें म्हणणाऱ्यावर, कोणतें वाक्य पौलाचें व कोणतें ईश्वराचें, हें ठरविण्याचा भार येतो. आणि सातव्या अध्यायासारखीं थोडीं स्थळें सोडलीं तर पौलानें त्या कामीं फारसें साहाय्य केलेलें नाहीं.