वारसा आणि ऋण

खासबागेच्या मैदानावरून जाताना मला नेहमी एक प्रश्न पडतो: पराक्रम वारशाने मिळतो काय? गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे वडील दादासाहेब स्वतः पैलवान. लाल माती मुलाला घरातच लाभली. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ साली लंडनला सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. बाप तसा बेटा, असे म्हणून आपण मोकळे होतो.

पण त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले, लोकांनी वर्गणी काढली. त्यांचे खाशाबांशी रक्ताचे नाते ते कोणते? बापाने डाव शिकविले, तो वारसा. परक्याने घर गहाण टाकले, ते ऋण. वारसा सांगताना मान ताठ होते, ऋण आठवताना ती लवते. मोठेपणाला दोन्ही लागतात.

खाशाबांनी आपले ऋण हेलसिंकीच्या आखाड्यात फेडले. १९८४ साली ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मग ऋणको कोण राहिले? त्यांचे नाव अभिमानाने घेताना माझी मान ताठ होते खरी, पण ती लवायला हवी.