गाव दिसतं, बंदर दिसत नाही

"ती निळी पेटी तेवढी बाजूला घ्याल का? तिच्यामुळे जुनं वाटत नाही." ब्रिटनमधल्या कॉर्नवॉलच्या एका लहानशा धक्क्यावर प्रवास-कार्यक्रमाचं चित्रीकरण चाललं होतं. कॅमेऱ्यामागच्या माणसाने हे अगदी नम्रपणे विचारलं आणि त्या कोळ्यानेही मासळीची प्लास्टिकची पेटी निमूटपणे हलवली. मग त्याला जाळं सांधायला बसवलं. ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

अशा कार्यक्रमात पुढे काय येतं ते वाचकांना पाठ असेल: आकाशातून दिसणारी पांढरी घरं, एखाद्या आजोबांची वादळाची आठवण, शेवटी ताटातला मासा. आपल्या कोळीवाड्यांच्या वाट्यालाही वेगळं काही येत नाही. मी मात्र किनाऱ्याचा विचार करताना नेहमी एक फरक धरून चालतो. गाव वेगळं आणि बंदर वेगळं. गाव म्हणजे घरं, देऊळ किंवा चर्च, होड्या ओढून ठेवलेली वाळू. बंदर म्हणजे बर्फ, डिझेल, लिलाव, भाव. 'डॉक मार्टिन' या मालिकेने 2004 पासून जगभर पोचवलं ते पोर्ट आयझॅक हे गाव. त्याच कॉर्नवॉलमधलं न्यूलिन हे बंदर. वरळी कोळीवाडा गाव. 1875 पासून चालू असलेला ससून डॉक बंदर. कॅमेरा गावात जातो, मासळी बंदरात जाते.

असे कार्यक्रम करणाऱ्या माझ्या एका स्नेह्याला हे मान्य नाही. त्याचं म्हणणं, भाव आणि डिझेल रोजच बदलतात. वारसा म्हणजे जे गावात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं असतं ते, आणि आम्ही तेच टिपतो. उदाहरण म्हणून त्याने गॅन्झी पुढे केली. ब्रिटिश कोळी घालत तो घट्ट विणीचा, निळा लोकरी स्वेटर. प्रत्येक गावाची वीण वेगळी, त्यामुळे बुडालेल्या माणसाचं प्रेत कुठल्याही किनाऱ्याला लागलं तरी विणीवरून गाव ओळखता येई, असं त्याच्या निवेदकाने सांगितलं होतं.

गोष्ट हृदयाला भिडणारी आहे, पण तिला पुरावा फार तोकडा आहे. तिच्या प्रसाराचं श्रेय बरंचसं जे. एम. सिंज यांच्या 1904 सालच्या 'रायडर्स टू द सी' या नाटकाला दिलं जातं. त्यात बुडालेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती मोज्याच्या टाक्यांवरून, आणि नाटक घडतं आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवर. गॅन्झी विणणाऱ्या बायकांचं खरं आयुष्य मला या कथेपेक्षा मोठं वाटतं. स्कॉटलंडच्या कोळी घरांतल्या हजारो मुली हेरिंगच्या थव्यांमागे शेटलंडपासून ग्रेट यार्मथपर्यंत बंदरामागून बंदर करत जात. तिघींचा एक गट: दोघी मासा चिरून साफ करणार, तिसरी तो मीठ लावून पिंपात रचणार. सुरीने आणि मिठाने बोटं सोलून निघू नयेत म्हणून त्यांवर चिंध्या गुंडाळलेल्या. काम नसेल तेव्हा चालता-बोलता हातात सुया. एकीची वीण दुसरी पाहून उचलायची. म्हणजे जी वीण गावाचा वारसा म्हणून दाखवली जाते, ती मजुरीच्या वाटेने बंदराबंदरांतून फिरलेली असते. माझ्या स्नेह्याचा पुरावा माझ्याच बाजूने बोलतो, असं मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला, पण मी त्याला जिंकलं असं मला वाटलं नाही.

कारण माझा मूळ राग होता तो बनावाचा: पेटी हलवण्याचा, जाळं सांधायला बसवण्याचा. तो मला सोडून द्यावा लागला. जॉन ग्रिअर्सन यांचा 'ड्रिफ्टर्स' (1929) हा हेरिंगच्या मासेमारीवरचा मूकपट ब्रिटिश माहितीपटाचा पाया मानला जातो. त्यातली बोटीवरची केबिन किनाऱ्यावर उभारलेली होती आणि पाण्याखालचे मासे टाकीतले होते. मार्क जेनकिन यांचा 'बेट' (Bait, 2019) हा चित्रपट घ्या. बापाची होडी भावाने पर्यटकांना फिरवायला लावलेली, राहतं घर लंडनकरांनी विकत घेतलेलं, अशा कॉर्नवॉलच्या कोळ्याची ही गोष्ट. ती चावीच्या कॅमेऱ्याने चित्रित केली आणि तिच्यातला शब्दन्‌शब्द नंतर ध्वनिमुद्रित करून जोडला. दोन्हीत रचना आहे, आणि दोन्ही मला खरे वाटतात.

उलट रॉबर्ट फ्लॅहर्टी यांच्या 'मॅन ऑफ अ‍ॅरन' (1934) मध्ये बेटकऱ्यांनी कधीच सोडून दिलेली शार्कची शिकार त्यांना नव्याने शिकवून करवून घेतली. पडद्यावरचं कुटुंबही खरं कुटुंब नव्हतं. पण मला खटकतं ते हेही नाही. त्या बेटावर जमिनीला मालक आहे, खंड आहे, मासळीला गिऱ्हाईक आहे, याचा पत्ता तो चित्रपट लागू देत नाही. माणूस फक्त लाटेशी झुंजतो. ग्रिअर्सन मात्र मासळीमागोमाग धक्क्यावर येतात आणि लिलाव, पिंपं, गाड्या दाखवूनच थांबतात. म्हणून आता बनाव झाला की नाही हे मी पाहत नाही. माणसाला ज्याच्याशी रोज झगडावं लागतं ते चित्रात आलं की नाही, एवढंच पाहतो. जाळं हवं तर दहा वेळा सांधायला लावा.

आणि आजचा झगडा लाटेशी कमी, कोट्याशी जास्त आहे. कोणत्या जातीचा किती मासा धरायचा हा हक्क ब्रिटनमध्ये वाटून दिलेला आहे. 2018 मध्ये ग्रीनपीसच्या शोधपत्रकारांनी दाखवून दिलं की या हक्कातला 29 टक्के वाटा देशातल्या अतिश्रीमंतांच्या यादीतल्या पाच कुटुंबांच्या मालकीचा किंवा ताब्यात आहे. ब्रिटनच्या बहुसंख्य मासेमारी नौका दहा मीटर किंवा त्याहून लहान आहेत, आणि कोट्यातला त्यांचा वाटा अगदी थोडा. प्रवास-कार्यक्रमांना आवडतात त्या नेमक्या याच होड्या. त्यांच्यातल्या एकाच्या नाखव्याला निवेदकाने वादळाबद्दल जरूर विचारावं. त्याच बैठकीत हेही विचारावं: या महिन्यात तुला किती मासा धरायची परवानगी आहे, आणि उरलेल्या माशाचा हक्क कोणाकडे आहे?