आंदालुसियातील सात दिवस आणि पाहणाऱ्याचा अधिकार

स्पेनच्या दक्षिणेकडील आंदालुसिया प्रांतात सात दिवसांची सहल आखणे हे वरकरणी निव्वळ व्यवहाराचे काम आहे. भर उन्हाळ्यात कोर्दोबाचे तापमान 40 अंशांच्या पुढे जात असल्यामुळे वसंत किंवा शरद ऋतू निवडणे, ग्रानादा येथील अलहाम्ब्राच्या नासरी राजवाड्यांत तिकिटावर छापलेल्या वेळीच प्रवेश मिळत असल्यामुळे ते तिकीट आधी काढून बाकीचे दिवस त्याभोवती बसवणे, आणि सेव्हिल ते कोर्दोबा हा प्रवास जलद रेल्वेने पाऊण तासाचा असल्यामुळे मुक्काम कोणत्या शहरी ठेवावा हे ठरवणे, एवढ्यावर बहुतेकांची आखणी संपते. तथापि या प्रांतातील अनेक प्रेक्षणीय वास्तू मुळात प्रार्थनास्थळे आहेत, आणि त्यांतील काही एका धर्माच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेलेल्या आहेत. त्यामुळे तेथे काय पाहावे हे ठरवण्यापूर्वी, ज्याची या दोहोंपैकी कोणत्याच धर्मावर श्रद्धा नाही त्याने त्या वास्तू कोणत्या नात्याने पाहाव्यात, हा प्रश्न सोडवावा लागतो.

भारतीय शास्त्रग्रंथांच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन या चार गोष्टी सांगण्याची रीत आहे व तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथ कोणासाठी आहे, कशाविषयी आहे, ग्रंथाचे त्या विषयाशी नाते काय आणि त्याचे फळ कोणते, हे त्यातून स्पष्ट होते. पर्यटनाच्या आखणीत विषय म्हणजे स्थळांची यादी आणि प्रयोजन म्हणजे विश्रांती ही ठरलेली असतात, परंतु अधिकारी आणि संबंध यांचा विचार सहसा होत नाही, कारण तिकीट काढले की अधिकार मिळाला असे गृहीत धरले जाते. तीर्थयात्रेची कल्पना येथे वेगळी पडते. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेच्या प्रकरणात, ज्याचे हात, पाय आणि मन संयमित आहेत आणि ज्याने अहंकार सोडला आहे त्यालाच तीर्थाचे फळ मिळते, असे प्रतिपादन आहे. म्हणजे तेथे अधिकार हा यात्रेकरूच्या वृत्तीवर अवलंबून आहे.

कोर्दोबाची मशीद-कॅथेड्रल ही या प्रश्नाची सर्वांत कठीण कसोटी होय. उमय्या घराण्यातील पहिल्या अब्द अल-रहमानने आठव्या शतकाच्या अखेरीस तिचे बांधकाम सुरू केले आणि पुढील दोन शतकांत तिचा अनेकदा विस्तार झाला. तिचे बरेचसे खांब रोमन आणि व्हिसिगॉथिक इमारतींतून आणलेले, आखूड आणि परस्परांशी न जुळणारे असल्यामुळे, छत पुरेसे उंच व्हावे म्हणून कारागिरांनी कमानीवर कमान चढवली आणि तीत लाल वीट व फिकट दगड आलटून पालटून बसवले. आज जगभर ओळखले जाणारे ते रूप अशा रीतीने एका अडचणीतून जन्मले. 1236 मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकल्यावर तिचे कॅथेड्रल झाले आणि 1523 पासून तिच्या मध्यभागी उंच ख्रिस्ती सभामंडप उभा राहू लागला, त्यामुळे कमानींच्या ठेंगण्या रांगांतून चालणाऱ्याच्या डोक्यावर एकाएकी पांढरे, उजळ घुमट येतात. आजही तेथे मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना होते, तर मुस्लिमांना नमाज अदा करू देण्याची एकविसाव्या शतकाच्या आरंभी झालेली मागणी चर्चने नाकारली आहे. म्हणजे ज्या वास्तूला पर्यटक सर्वांचा वारसा समजतो, तिच्यावरील हक्काचा वाद अद्याप जिवंत आहे.

अशा प्रांतात शहरांचा क्रमदेखील निरपेक्ष राहत नाही. कोर्दोबा, सेव्हिल आणि ग्रानादा हा क्रम 1236, 1248 आणि 1492 या ख्रिस्ती विजयांचा आहे आणि तो धरून जाणाऱ्यास इस्लामी काळ हा एका विजयगाथेचा पूर्वरंग वाटू लागतो. उलट केवळ मेहराब, कारंजी आणि नक्षी पाहत जाणाऱ्यास नंतरचे सारे बांधकाम आक्रमण भासते. या दोहोंहून वेगळा मार्ग म्हणून तीन धर्मांच्या सुखमय सहजीवनाचे चित्र पुढे केले जाते. इतिहासकार आमेरिको कास्त्रो याने 1948 मध्ये या सहजीवनाला स्पॅनिश संस्कृतीच्या घडणीत मध्यवर्ती स्थान दिले आणि क्लाउदिओ सांचेस-आल्बोर्नोस याने त्यास कडाडून विरोध केला. केवळ सुखाचे चित्र मात्र तथ्यांपुढे टिकत नाही, कारण 1066 मध्ये ग्रानादात मुस्लिम राजवटीखाली ज्यूंची कत्तल झाली, आणि 1492 मध्ये त्याच शहरातून निघालेल्या फर्मानाद्वारे ख्रिस्ती राजवटीने त्यांना देशाबाहेर घालवले. 1315 मध्ये बांधलेल्या कोर्दोबाच्या छोट्या सिनेगॉगचे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचे, त्यानंतर रेबीजच्या रुग्णांसाठी इस्पितळ करण्यात आले.

पाहणाऱ्याच्या नात्याच्या या प्रश्नावर प्रकाश टाकणारे तिघे तत्त्वज्ञ कोर्दोबानेच दिले. इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या वर्षांत येथे जन्मलेल्या सेनेकाने लुसिलिअसला लिहिलेल्या पत्रांत, मन बदलल्यावाचून केवळ देश बदलून माणसाचा भार हलका होत नाही, असा प्रवासावर आक्षेप घेतला. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याच्या कुटुंबाला अल्मोहाद या मुस्लिम राजवटीत हे शहर सोडावे लागले आणि तो अखेर इजिप्तमध्ये स्थिरावला. त्याचे जीवन ऐच्छिक प्रवास हा भाग्यवंतांचाच असतो याची आठवण देते. 1126 मध्ये जन्मलेला इब्न रुश्द हा काझी, म्हणजे इस्लामी न्यायाधीश होता, आणि धर्म व तत्त्वज्ञान यांच्या नात्यावरील आपल्या निबंधात त्याने असे मांडले की, अस्तित्वात असलेल्या वस्तूंची घडण जितकी नीट कळते तितका त्यांचा कर्ता नीट कळतो, म्हणून ज्यांची कुवत आहे त्यांच्यासाठी असे परीक्षण हे धर्मशास्त्राने सांगितलेले कर्तव्यच आहे. हे परीक्षण प्राचीन ग्रीकांच्या तर्कशास्त्राने करता येईल काय, या शंकेवर त्याचे उत्तर होते की कुर्बानीची सुरी योग्य असली म्हणजे पुरे, ती स्वधर्मीयाची आहे की परधर्मीयाची हे पाहण्याचे कारण नाही.

या उत्तरातून श्रद्धाहीन प्रेक्षकालाही एक संबंध सापडतो. तो उपासक नसतो, आणि पैसे मोजून उपभोग घेणारा एवढाच राहण्याचीही त्याला गरज नसते. वस्तू कशी घडली, कोणी घडवली आणि कोणाकडून गेली, याचा तो परीक्षक होऊ शकतो. मात्र या भूमिकेची मर्यादाही मान्य करावी लागते. सत्य हे सत्याच्या विरोधात जात नाही, असे इब्न रुश्द मानतो, पण तो सिद्धान्त बुद्धी आणि श्रुती यांच्या मेळाविषयी आहे. एकाच मेहराबीवर दोन समाजांनी सांगितलेला हक्क त्याने सुटत नाही, कारण तेथे विरोध सत्तेचा आहे. परीक्षकाला तो वाद मिटवण्याचा अधिकार नाही, आणि म्हणूनच एका पक्षाचे वैभव पाहताना दुसऱ्याची हानी नजरेआड न करणे एवढे बंधन तरी त्याच्यावर येते.

आखणीत याचे परिणाम व्यावहारिक स्वरूपाचे होतात. कोर्दोबाला एका दुपारऐवजी दोन दिवस मिळतात, मशिदीइतकाच वेळ त्या छोट्या सिनेगॉगसाठी राखला जातो, सेव्हिलच्या कॅथेड्रलमधील तिसऱ्या फर्नांदोच्या समाधीवर कॅस्टिलियन, लॅटिन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत लेख कोणी आणि कशासाठी कोरले हे आधी वाचून ठेवले जाते, आणि त्यासाठी समुद्रकिनाऱ्याचा एखादा दिवस सोडावा लागतो. विश्रांतीचे प्रयोजन त्याने नाहीसे होत नाही, पण ते एकमेव राहत नाही; आणि ज्या प्रेक्षकाला हा बदल नको असेल त्याने किनारा निवडणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल, कारण दुसऱ्याच्या देवघरात शिरण्याची किंमत तिकिटाने पूर्ण फिटत नाही.